चिखल हाय, बुवा

हसनमामाशी माझी ओळख झाली ती बोलणी खाऊन. त्याची नव्हे, त्याच्या होडीत ताटकळत बसलेल्या वीस-बावीस माणसांची.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा. अलिबागहून मुरूडकडे जाताना एक खाडी आडवी येते. तिच्या अलीकडे सारळवाडी, तिथे मी मावशीकडे राहायची. पलीकडे उंबरदांड, तिथली बोर्डाची शाळा ही माझी पहिली नोकरी. मध्ये पूल नाही, धक्का नाही. होती ती हसनमामाची तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी एक रुंद होडी. पहिल्या दिवशी सकाळी उतरताना त्यानं विचारलं, "बाई, परत कवा?" मी आपलं सहज म्हटलं, "येते साडेचारला." पण हेडमास्तरांनी चहाला थांबवलं, चहावरून गप्पा निघाल्या, आणि मी किनाऱ्यावर आले तेव्हा सहा वाजत आले होते. पाहते तर होडी तशीच उभी. पाणी मात्र केव्हाच ओसरून गेलेलं. होडी चिखलात बसलेली आणि माणसं होडीत बसलेली.

"आल्या! आल्या एकदाच्या राणीसाहेब!" कुणीतरी ओरडलं, आणि मग जी सरबत्ती सुरू झाली! मी रडकुंडीला आले. "अहो, पण मला सोडून जायचं ना!"

हसनमामा शांतपणे वल्ह्याला टेकून उभा होता. उंचापुरा गडी, मेंदीनं लाल केलेली दाढी, गुडघ्यापर्यंत खोचलेली चौकड्यांची लुंगी, आणि अंगात मुंबईच्या मेहुण्यानं दिलेला खाकी कोट. "असं कसं?" तो म्हणाला. "साडेचारला येते म्हनल्या तुम्ही. जबान दिली. तुम्ही आल्या आनि मी नसलो तर खोटं कोन पडलं? मी!"

शेवटी सगळ्यांनी उतरून गुडघाभर चिखलातून होडी पाण्यापर्यंत ढकलली. मीही ढकलली, नवंकोरं पातळ कमरेला खोचून. त्या दिवसापासून 'येते' हा शब्द मी जपून वापरायला शिकले.

तर असा हा हसनमामा. मी त्याला अरे-तुरे करायची, मामा म्हणून. त्याची जबान म्हणजे दगडावरची रेघ, आणि दुसऱ्यानं दिलेली जबानही त्याला तशीच वाटायची. लोक वैतागायचे. "बघू, जमलं तर येईन" असं म्हणणाऱ्याला तो होडीत पाय ठेवू द्यायचा नाही. "जमलं तर म्हंजे? मी काय जमलं तर पलीकडं नेतो काय?"

आणि बोलायचा किती! होडी अर्ध्या खाडीत असायची, तेव्हाच त्याचा आवाज किनाऱ्यावर पोचलेला असायचा. माणसांना तो वजनावरून बसवी आणि ते वजन साऱ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारी. "तात्या, तुम्ही मधी. काल बारशाचं जेवलाव. सोनारीणकाकू, जरा डावीकडं, होडी तुमच्याकडं झुकते. बाई, तुम्ही कुठंपन बसा, तुमचं काय वजनच न्हाय." कोण कुठे चाललंय, कशाला, कुणाकडे, ते कळल्याखेरीज त्याचं वल्हं पाण्यात पडत नसे. माझं लग्न ठरतंय की नाही याची चौकशी मावशीपेक्षा त्यालाच जास्त होती. कधीकधी राग यायचा, पण रागावून बसायला दुसरी होडी कुठे होती?

या होडीतले सगळ्यात मानाचे उतारू म्हणजे विठ्ठलबुवा. सारळवाडीचे कीर्तनकार. किडकिडीत, गोरे, परीटघडीचं पांढरं धोतर, उपरणं, आणि गळा असा गोड की ऐकत राहावं. उंबरदांडच्या शंकराच्या देवळात त्यांचं सोमवारी दुपारी कीर्तन असे, आणि ओहोटी असली की किनाऱ्यावरचा तो काळा, पोटरीभर चिखल आडवा यायचा. आम्ही बाकीचे फळीवरून तोल सांभाळत नाहीतर चपला हातात घेऊन जायचो. बुवा मात्र हसनमामाच्या खांद्यावर बसून जात. एका हातात चिपळ्या, दुसरा हात हसनमामाच्या डोक्यावर.

त्याचंही कारण जबानच. बुवांचे वडील अचानक गेले आणि विशीतल्या बुवांनी कीर्तनाला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा त्यांची आई, सगळ्यांच्या माई, पोराला एकट्याला खाडीपार पाठवायला तयार होईनात. तेव्हा हसनमामा त्यांच्या अंगणात जाऊन म्हणाला होता, "माई, मी हाय तवर तुमच्या पोराच्या पायाला चिखल लागू देनार न्हाय." माईंनी त्याच्या हातावर गूळ ठेवला, आणि वीस वर्षं त्यानं तो शब्द पाळला. खांद्यावर बसलेल्या बुवांना तो सारा वेळ कीर्तनातल्या चुका सांगायचा. कारण कीर्तन तो दर सोमवारी ऐकायचाच, देवळाबाहेरच्या कट्ट्यावर छत्री घेऊन बसून. पाणी उतरायला लागलं की ती काळी छत्री उंच करायचा. बुवांना आतून छत्री दिसली की कथा पळायला लागायची. लंकादहन, सीतेची भेट, राज्याभिषेक, सगळं पाच मिनिटांत उरकायचं. उंबरदांडच्या लोकांना कित्येक वर्षं वाटत होतं, रामायण असंच घाईत संपतं.

आता मुख्य गोष्ट. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. बुवा मुंबईला कीर्तनकारांच्या कुठल्याशा मोठ्या मेळाव्याला जाऊन आले. तिथे कुणी एक बडे महाराज बोलले होते आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला होता म्हणे. बुवा चांगले, पण टाळीचे भुकेले. त्यांनी महाराजांची शाल पाहिली, ऐट पाहिली, आणि येताना एक वाक्य सोबत घेऊन आले. श्रावणातल्या सोमवारी शाळेला सुट्टी असे, त्यामुळे मीही देवळात होते. पहिल्याच सोमवारी, देऊळ गच्च भरलेलं असताना, पूर्वरंगातच त्यांनी ते काढलं.

"ज्यांच्या देवाला रूप नाही, ज्यांचा देव्हाराच रिकामा, त्यांच्या शब्दाचा भरवसा तो काय धरायचा? रिकाम्या देव्हाऱ्यापुढे दिलेला शब्द, तोही रिकामाच!"

आणि एक झोकदार गिरकी घेतली.

पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले. एकानं टाळी वाजवली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. मुलांना रोज 'खरं बोलावं, निर्भीड असावं' असं फळ्यावर लिहून देणारी मी मास्तरीण, पण माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. आजही आठवलं की माझा मलाच राग येतो. मी हळूच मागे वळून कट्ट्याकडे पाहिलं. हसनमामा तिथेच होता. पाणी उतरत चाललं होतं, पण त्या दिवशी छत्री काही वर गेली नाही.

कीर्तन लांबलं. बाहेर आलो तर वीतभर जास्तच चिखल उघडा पडलेला. बुवांना आता कुठे कळलं की आपण काय बोललो आणि कोण ऐकत होतं. ते चिखलाच्या कडेला घुटमळले. हसनमामा आला, त्यांच्यापुढे खाली बसला, खांदा पुढे केला. बुवा मुकाट्यानं बसले. होडीत कुणाचंही वजन पुकारलं गेलं नाही. साऱ्या खाडीत फक्त वल्ह्यांचा आवाज. मी त्या होडीतून नऊ वर्षं ये-जा केली, पण एवढी लांब खाडी मला कधी लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरदांडला उतरले तर हसनमामाच्या मोहल्ल्यातले चारपाच तरणे किनाऱ्यावर उभे. डोळे लाल. "चाचा, आजपासनं तर बंद," त्यांतला एक म्हणाला. "जाऊ दे त्यांना पवत. जबान रिकामी हाय ना आपली?"

"बंद करू?" हसनमामा म्हणाला. "म्हंजे बुवा बोललं ते खरं करू? येडा हायस काय रे? तर बंद केली तर गावाला दिलेली जबान मोडली. बुवांना खांद्यावर न्हाय घेतलं तर माईंना दिलेली मोडली. एक माझी जबान, ती रिकामी हाय का भरलेली, ते आता त्यांना चांगलं बघू दे." आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या दाढीत हसू दिसलं. मला त्या हसण्याची जरा भीतीच वाटली.

त्या दिवशी मंगळवार, सारळवाडीचा बाजार. शाळेला दुपारनंतर सुट्टी होती, म्हणून पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बुवा पिशवी घेऊन घराबाहेर पडले, तो अंगणात हसनमामा. पाठ करून खाली बसलेला.

"हे काय?" बुवा म्हणाले. "अरे, मी बाजारात चाललोय. होडीत नाही."

"चिखल हाय, बुवा."

"असेना का! पावसाळा आहे, चिखल असणारच!"

"जबान हाय, बुवा. पायाला चिखल लागू देनार न्हाय म्हनलो हुतो. खाडीचाच चिखल, असं कुठं म्हनलो हुतो?"

ओटीवर माई सुपारी कातरत बसल्या होत्या. "जा की रे," त्या म्हणाल्या. "एवढा प्रेमानं आलाय."

आईदेखत नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार. बुवा बसले बिचारे. आणि भर बाजारातून, मासळीवाल्या, मिठाच्या गाड्या, कासारीण, सगळ्यांच्या मधून आमचे कीर्तनकार खांद्यावर बसून निघाले. भाजीवाली म्हणाली, "बुवा, पडवळ बघायचंय तर खाली वाका." नारळवाला म्हणाला, "वरचे नारळ वरच्या वर काढून घ्याल काय?" न्हाव्यानं विचारलं, "दाढी तिथंच करू का?" हसू आवरता आवरेना लोकांना. सोनारीणकाकू तर हसून हसून मिठाच्या पोत्यावर बसल्या. हसनमामाच्या चेहऱ्यावर मात्र रेघ हलत नव्हती. मुका झाल्यासारखा तो चालत होता, आणि बुवांचे कान लाल झाले होते.

हे एका दिवसाचं नव्हे. बुधवारी पोस्टात. गुरुवारी सत्यनारायणाला. भरतीच्या वेळी होडी चालवायची आणि मधल्या वेळात बुवांच्या दारात जाऊन बसायचं, असा त्यानं नेमच धरला. एकदा बुवा न्हाणीच्या मागून, केळीच्या बागेतून पळाले. बागेच्या टोकाला पोचले तर हसनमामा तिथे बसलेला, पाठ करून. "इथं तर जास्तच चिखल हाय, बुवा."

बुवा हात जोडून म्हणाले, "हसन, मला माफ कर आणि सोड आता!"

"कानात सांगितलेली माफी मी काय करू?" हसनमामा म्हणाला. "आनि जबान तुम्हाला दिलेली न्हाय, माईंना दिलेली हाय. त्यांनी सोडवलं तर सुटेन मी. चला, आत्ता विचारू माईंना."

इथेच तर सगळं अडत होतं. माईंना विचारायचं म्हणजे त्यांना सांगायचं की ज्यानं वीस वर्षं तुमच्या लेकाला खांद्यावर वाहिला, त्याच्या शब्दाला तुमचा लेक भर देवळात रिकामा म्हणाला. बुवांचा धीर होईना. माईंनी एकदा विचारलंसुद्धा, "हसन, हे काय रे चाललंय तुमचं?" मी तिथेच होते, मावशीनं दिलेलं लोणचं पोचवायला गेले होते. आता हा सगळं सांगणार, असं मला वाटलं. बुवांच्या तोंडचं तर पाणीच पळालं.

"काय न्हाय, माई," हसनमामा म्हणाला. "औंदा पाऊस जास्त हाय."

मला वाटतं, बाजारातल्या हसण्यानं झालं नसेल ते काम या एका वाक्यानं केलं. बुवा जेवणावरून उठले, असं माई नंतर मावशीला सांगत होत्या. तिसरा सोमवार त्यांनी कसाबसा काढला, आवाजच लागला नाही. चौथ्या सोमवारी सकाळी ते माईंच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

माईंनी अडकित्ता खाली ठेवला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या एवढंच, "माझं लुगडं काढून दे. मीही येते."

माई दहा वर्षांत खाडीपार गेल्या नव्हत्या. होडीत त्यांना मधोमध बसवलं. पलीकडे ओहोटी लागलेली, चिखल पसरलेला. हसनमामा सवयीनं बुवांच्या पुढे जाऊन बसला. "थांब," माई म्हणाल्या. "मला ने. आजच्या दिवसापुरतं मी तुला शब्दातून मोकळं केलंय. त्याला चालू दे." हसनमामानं माईंना पाठुंगळी घेतलं, लहान पोरीला घ्यावं तसं. त्यांच्या मागून विठ्ठलबुवा निघाले, धोतर दोन्ही हातांनी वर धरून. चौथ्या पावलाला पाय रुतला, धोतर सुटलं. आम्ही सगळे मागून चालत होतो, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बुवा तसेच देवळात गेले. पाय धुवायला त्यांनी पाणी घेतलं नाही. पाय चिखलानं भरलेले, धोतराचा सोगा काळा, आणि वर गळ्यात हार. नमन झालं आणि पखवाज थांबवून ते म्हणाले, "या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी इथे एक वाक्य बोललो. ते माझं नव्हतं, उसनं आणलं होतं. टाळ्या मिळतात म्हणून आणलं. ते खोटं आहे. ज्याचा शब्द मी रिकामा म्हटला, त्याच शब्दावर बसून मी वीस वर्षं या देवळात येतोय. दुसऱ्याच्या देवाबद्दल बोलायची माझी लायकी नाही. चुकलो. मी क्षमा मागतो."

आणि मग बाहेरच्या कट्ट्यावरून आवाज आला, "बुवा, मागं ऐकू येत न्हाय!"

अर्ध्या खाडीतून कुणाच्या घरी काय शिजतंय ते ऐकणारा माणूस! बुवांनी आवाज चढवून पुन्हा सगळं सांगितलं.

"पावसाचा आवाज हाय, बुवा! पुन्यांदा!"

पाऊस केव्हाच थांबला होता. पण बुवांनी तिसऱ्यांदा, पार वरच्या पट्टीत, शब्दन् शब्द म्हटला. मोहल्ल्यातले ते तरणेही तोवर कट्ट्यापाशी येऊन उभे राहिले होते. त्यांतला एक आधी फिसकन हसला, मग आत कुणी हसलं, मग सगळं देऊळच हसायला लागलं. मला हसताना रडू येत होतं. "हसन, पुरे आता," माई म्हणाल्या. तेव्हा कट्ट्यावरून ती काळी छत्री वर गेली. बुवांनी छत्री पाहिली, डोळे पुसले आणि पार्वतीचं लग्न चार ओळींत लावून टाकलं.

परतताना हसनमामा पुन्हा खांदा पुढे करून बसला. "चला. चिखल हाय."

"माझे पाय भरलेच आहेत रे आता."

"मंग धुवून या आधी. असल्या पायाचा मानूस मी न्हाय घेत खांद्यावर. कोट खराब व्हतो."

आणि मग जो बोलायला लागला! तीन आठवड्यांचं साठलेलं. बुवांचा आवाज कुठे लागला नाही, सोनारीणकाकू किती जड झाल्या, माझं लग्न अजून कसं ठरत नाही. होडी काठाला लागली तरी संपेना. बुवा कानांवर हात ठेवून म्हणाले, "हसन, तू गप्प होतास तेच बरं होतं रे!" माई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढे माई गेल्या. हसनमामा छाती पुढे काढून सांगायचा, "माई गेल्या, पन मला जबानीतून सोडवून न्हाय गेल्या. एका दिवसापुरतं मोकळं केलं हुतं, तेवढंच."

मग आमच्याकडे धक्का झाला, दोन्ही काठांना, चांगला दगडी. लाँच सुरू झाली. कुणाच्याच पायाला चिखल लागेना. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण हसनमामा ओहोटीच्या वेळी चिखलात टेकलेल्या त्याच्या होडीत नुसताच बसून राहायला लागला. कुणी बोलवलं तर म्हणायचा, "आता मी कशाला? धक्का हाय की." त्याचा आवाज लहान झालेला मला बघवत नव्हता. सगळ्या खाडीत त्याची एक जबान उरली होती आणि ती पाळायला जागा उरली नव्हती.

माझी मुरूडला बदली झाली, त्या दिवसाची गोष्ट. ट्रंक घेऊन मी सारळवाडीच्या धक्क्यावर लाँचची वाट बघत होते. सोमवार होता, त्यामुळे बुवाही पलीकडे जाणार हे मला ठाऊक होतं. केस पिकले होते, पण धोतर तसंच परीटघडीचं. ते आले, माझ्याशी दोन शब्द बोलले, आणि धक्क्याच्या पायऱ्यांनी लाँचकडे उतरायचं सोडून सरळ खाली, जुन्या उतारावर गेले. तिथे चिखलाच्या कडेला उभे राहिले. काखेतली छत्री काढली आणि उघडून उंच धरली. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

"हसन!" त्या गोड गळ्यातून हाक आली. "चिखल आहे रे!"

होडीतून उत्तर आलं, "धक्का हाय की, बुवा! पायऱ्यांनी जावा!"

"मला धक्का-बिक्का काही दिसत नाही. चिखल दिसतोय. माईला काय सांगितलं होतंस?"

मग तो खाकी कोट उठला. हसनमामा चिखल तुडवत आला, बुवांपुढे खाली बसला, आणि बुवांना खांद्यावर घेऊन दोनदा कण्हत उठला. लाँच सुटली तेव्हा ते दोघं होडीच्या वाटेवर अर्ध्यात होते. बुवांनी छत्री दोघांच्या डोक्यावर धरली होती आणि हसनमामा बोलत होता. बुवांचं वजन किती वाढलंय, ते साऱ्या खाडीला ऐकू येत होतं.